यथाशक्ती म्हणजे किती?

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. भाचीच्या लग्नाच्या वेळची. वहिनीचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालं होतं, भावाला हिशेबाचा पहिल्यापासून कंटाळा, त्यामुळे पाच महिने सगळा कारभार आत्याच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. वहीत काय नाही ते विचारा. आचाऱ्यानं तोंडी सांगितलेला किराणा आहे. गुरुजींची साहित्याची यादी आहे: सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, बदाम, नारळ, आंब्याचे टाळे, ‘तांदूळ ५ किलो, जाडे चालतील’. कोणत्या गावाला पत्रिका घेऊन कोण जाणार, केळवणाला कोणाकडे कधी, कोणाच्या हातात कोणती साडी द्यायची, सगळं आहे. फेटे बांधणाऱ्याचा नंबर तीन ठिकाणी आहे, कारण तो तीनदा हरवला.

आणि शेवटच्या पानावर, मामांच्या तिरक्या अक्षरात, याद्यांच्या बैठकीचं टिपण आहे. ‘कार्यालय – मुलीकडे. जेवण – मुलीकडे. नवरदेवाचा पोशाख – मुलीकडे. मंगळसूत्र – मुलाकडे. मानपान – यथाशक्ती. इतर – रीतीप्रमाणे.’ खाली दोन्हीकडच्या दोन-दोन वडीलधाऱ्यांच्या सह्या आणि कोपऱ्यात हळदकुंकवाची बोटं.

आमचा खर्च फुगला तो या सहा ओळींमुळे. रुसवेफुगवे झाले तेही यांच्यावरूनच. उरलेल्या एकशे नव्याण्णव पानांवरून कोणी ब्र काढला नाही.

हे आठवण्याचं कारण म्हणजे २०२५च्या मे महिन्यात पुण्याजवळ एका सुनेचा मृत्यू झाला, हुंड्यासाठी छळ झाल्याचे आरोप झाले आणि थाटामाटाच्या लग्नांवर महाराष्ट्रभर बोललं गेलं. मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नाची आचारसंहिता ठरली. पाहुणे मोजके बोलवा, डीजे नको, प्री-वेडिंगचं प्रदर्शन नको. चांगलंच आहे सगळं. मी स्वतः अशा लग्नांत तासतासभर बसले आहे जिथे मुहूर्त बाराचा, घड्याळात एक वाजलेला आणि माइकवर अजून आलेल्या पुढाऱ्यांचे सत्कार चाललेले. नवरी अंतरपाटामागे उभी, भूक लागलेली पोरं रडतायत, आणि चौथे साहेब शुभाशीर्वाद देतायत. हे बंद झालं तर मी पेढे वाटीन.

पण या आचारसंहितांचा एक घोळ आहे. त्या मांडवात लागू होतात. मांडवात जे दिसतं ते चार-पाच महिने आधी कोणाच्या तरी ओसरीवर, चहाच्या कपांच्या मधोमध ठरून गेलेलं असतं. कार्यालयाची अनामत गेलेली असते, केटररला कमीत कमी ताटांची हमी दिलेली असते. त्यानंतर साधेपणाचा उपदेश म्हणजे दळून झाल्यावर गहू निवडण्यासारखं. लग्नात सुधारणा करायची तर ती बैठकीत करायला हवी, आणि माझ्या मते तिची सुरुवात बैठकीत बोललेलं सगळं, आकड्यासकट, कागदावर उतरवण्यापासून होते.

‘त्यात काय मोठंसं, याद्या तर आपण करतोच’ असं कोणी म्हणेल. करतो ना. आपल्याकडे तर ‘यादी पे शादी’सुद्धा होते: याद्या झाल्या, माणसं जमलेलीच आहेत, तर घ्या उरकून, दोन्ही घरांचा खर्च वाचला. पण यादीत काय लिहितो ते बघा. ‘यथाशक्ती’. कोणाची शक्ती, आणि ती मोजणार कोण? ‘रीतीप्रमाणे’. कोणत्या गावच्या? सांगलीकडची रीत निराळी, नगरकडची निराळी. ‘योग्य तो मान’, ‘हौसेनं जे काय कराल ते’. ऐकायला गोड असलेले हे सगळे शब्द म्हणजे सही करून दिलेले कोरे चेक आहेत. आकडा पुढे भरला जातो, आणि तो भरणारा माणूस सही करणारा नसतो.

सगळ्यांत महाग वाक्य तर वेगळंच आहे: ‘आमची काही अपेक्षा नाही, फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या.’ यातलं ‘करून द्या’ ऐका. मराठीत मुलीकडचे लग्न ‘करून देतात’. मुलाकडचे लग्नाला ‘येतात’. मुलगी ‘उजवतात’, मुलगा कोणी उजवत नाही. आपल्या क्रियापदांनीच खर्चाची वाटणी करून ठेवलेली आहे, बैठकीत तिच्यावर फक्त हळदकुंकू लागतं. ही खोड आपलीच आहे असंही नाही. जम्मू-काश्मीर सरकारनं २०१७ साली लग्नातल्या पाहुण्यांवर मर्यादा घालणारा आदेश काढला, तेव्हा मुलीच्या लग्नाला ५०० आणि मुलाच्या लग्नाला ४०० असे आकडे घातले. काटकसरीच्या सरकारी हुकमातही मुलीच्या बापानं शंभर पानं जास्त वाढायची!

आता आकड्यांकडेच येते, कारण लग्नाच्या तयारीतला खरा आकडा एकच असतो, माणसांचा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. कार्यालय केवढं, ताटं किती, बस किती, पाण्याच्या बाटल्या किती, चपलांच्या जागेपर्यंत. हिशेब सोपा आहे. ताटाला चारशे रुपये धरले तर वाढलेली प्रत्येक शंभर माणसं म्हणजे चाळीस हजार, आणि मोठ्या हॉलचं वाढीव भाडं वेगळं. तरी आपण उलट्या बाजूनं जातो. आधी कार्यालय धरतो, मग ते भरायला माणसं बोलावतो.

त्यालाही कारण आहे. कार्यालयं मिळत नाहीत. चातुर्मासात लग्नं होत नाहीत, पौष बरेच जण टाळतात, गुरू-शुक्राचे अस्त असतात, तिसऱ्या वर्षी अधिक महिना. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मेपासून १५ जूनपर्यंत, म्हणजे उन्हाळी सुट्टीतला ऐन हंगामच कापलेला. त्यात मुलगा अमेरिकेत असेल तर त्याची रजा डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातली. मग उरलेल्या पाच-सात तारखांवर सगळं गाव तुटून पडतं आणि कार्यालयवाला सांगेल ती अट कबूल करावी लागते: बाहेरचा केटरर चालणार नाही, चार वाजता हॉल रिकामा, साडेपाचशे ताटांची हमी. गौण काळातले, म्हणजे अडचण असेल तर चालणारे, मुहूर्तही पंचांगातच दिलेले असतात, पण ते काढून दाखवलेत तर बैठकीत अशी शांतता पसरते की तुम्हीच पान उलटता.

भाचीच्या वेळी मुलाकडची माणसं दोनशे धरली होती. कोणी धरली? आम्हीच. त्यांनी ‘असतील दोनेकशे’ म्हटलं आणि मामांनी मान हलवली. सहा ओळींत हा आकडा नव्हताच. हळदीच्या रात्री साडेनऊला फोन आला, ‘अजून दोन गाड्या निघतायत, भावकी आहे, नाही म्हणता येत नाही.’ दोन गाड्या म्हणजे शंभर माणसं. भाऊ फोन कानाला लावून ‘हो हो, येऊ द्या, आपलंच कार्य आहे’ म्हणत होता आणि दुसऱ्या हातानं माझ्याकडे बोटं नाचवत होता. मी मागच्या अंगणात आचाऱ्याकडे गेले. तो कढईशेजारी खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, ‘ताई, वरणात पाणी घालता येतं, भाताला आधण वाढवता येतं. जिलबीचं काय करू? पीठ काल भिजवलंय.’ पहाटे चारला तालुक्याच्या गावातून तयार जिलबी आणली. तिचा रंग वेगळा होता. तो रंग मुलाकडच्या एका मावशींनी बरोब्बर ओळखला आणि ‘दोन तऱ्हेचं वाढलं’ असा बोभाटा झाला. फेटे पंधरा आणले होते, लागले सव्वीस. मानाचे अकरा फेटे कमी पडले म्हणून एक काका वरातीत आलेच नाहीत.

काका रुसले याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की आकडा कधीच विचारला गेला नव्हता. विचारणं वाईट दिसतं. आणि त्या वाईट दिसण्याचे पैसे भावानं तीन वर्षं पतसंस्थेत भरले.

लिहायचं का, याला दुसरंही कारण आहे, आणि ते कायद्याचं आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, हे सगळ्यांना माहीत असतं. हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा, हेही बऱ्यापैकी माहीत असतं. पण त्याच कायद्याखाली १९८५ साली केलेले नियम आहेत, आणि त्या नियमांनी वधूवरांना यादीच करायला सांगितली आहे! नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीनं ठेवायची, नवऱ्याला मिळालेल्यांची नवऱ्यानं. लग्नाच्या वेळी किंवा नंतर शक्य तितक्या लवकर. वस्तू काय, अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर ते, आणि खाली दोघांच्याही सह्या. न मागता दिलेल्या भेटींना कायदा हुंडा मानत नाही, पण त्यांची अशी यादी असेल तर. मी इतकी लग्नं पाहिली, ही यादी एकाही घरी पाहिली नव्हती. आहेराची वही मात्र घराघरात असते. कोणी एकशे एक दिले, कोणी पातळ नेसवलं, सगळं जिथल्या तिथे, कारण ते उद्या फेडायचं असतं. म्हणजे आपल्याला लिहायचा कंटाळा नाही. परतफेड असते तिथे आपण काटेकोर लिहितो. जे मुलीचं म्हणून दिलं त्याचीच नोंद नसते, आणि पुढे काही बिनसलं की कोर्टात दोन्हीकडचे वकील ‘सोनं किती तोळे’ यावर वर्षं घालवतात.

यादी केली म्हणून हुंडा थांबेल, इतकी मी भाबडी नाही. ज्यांना घ्यायचं ते रोखीत घेतील, फ्लॅटच्या हप्त्यात घेतील, ‘जावयाला गाडी आम्ही हौसेनं देतोय’ असं मुलीच्या बापाच्याच तोंडून वदवून घेतील. पण लिहायला बसलं की एक होतं. ‘गाडी – मुलीकडे’ असं कागदावर घालायची वेळ आली की घेणाऱ्याला ते नको असतं. ‘हे कशाला लिहिता?’ हा प्रश्न ज्या ओळीवर येईल, त्या ओळीकडे मुलीनं नीट बघावं. लग्नाला अजून चार महिने असतात, नाही म्हणायला तेवढे पुरतात.

एक आक्षेप मला वारंवार ऐकायला मिळतो. लग्न म्हणजे काय करार आहे का, दोन घरं जोडायचीत, रकाने कसले आखता? याचं उत्तर मी महात्मा फुल्यांवर सोपवते. सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ला पुण्यात लागलं, भटजी न बोलावता आणि अगदी कमी खर्चात. सत्यशोधक पद्धतीत नवरानवरी एकमेकांना प्रतिज्ञा देतात, म्हणजे कोण काय कबूल करतंय ते चारचौघांत स्वच्छ बोलून दाखवतात. त्यानं त्या लग्नांतली माया आटली असं कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही. आणि रजिस्टर लग्न करणाऱ्यांना तर रकाने चुकतच नाहीत: १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न, तीन साक्षीदार. वैदिक पद्धतीनं लागलेल्या लग्नाचीही नोंदणी करताना साक्षीदार लागतात, गुरुजींची सही लागते. (ही सही लग्नाच्या दिवशीच घ्या. नंतर गुरुजी सापडत नाहीत, आणि व्हिसाची तारीख थांबत नाही.)

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. माणसं कमी करा म्हणणं शहरात सोपं आहे. खेड्यात चूलबंद आवतण असतं, म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही, सगळे लग्नघरी जेवणार. ते गेल्या वीस वर्षांतल्या वीस लग्नांचं देणं असतं. त्यांच्याकडे आपण सहकुटुंब जेवून आलो, आता आपल्याकडे ‘फक्त दोघं या’ कुठल्या तोंडानं सांगणार? शिवाय मांडववाला, आचारी, वाढपी, बँडवाले, फुलवाले यांचं सबंध वर्ष या चार-पाच महिन्यांवर चालतं. एप्रिल २०२१ आठवतो? पंचवीस माणसं, एकच कार्यक्रम, दोन तासांत आटपा, नाहीतर पन्नास हजार दंड. तेव्हा लग्नं लागली, संसारही झाले, आणि ‘बघा, पंचवीस माणसांत भागतं’ असे लेख पुष्कळ आले. आमच्या गावचा बँडवाला त्या उन्हाळ्यात भाजी विकत होता. मला ते लेख तेव्हाही आवडले नाहीत.

म्हणून मी माणसं किती हे सरकारनं किंवा समाजाच्या बैठकीनं ठरवावं या मताची नाही. हजार बोलवा. पण आपापल्या माणसांची ताटं ज्यानं त्यानं उचलावीत. मुलाकडची साडेतीनशे माणसं असतील तर साडेतीनशे ताटांचे पैसे मुलाकडचे देतील, हे बैठकीत लिहावं. एवढी एकच ओळ लिहून बघा. ‘भावकी आहे, नाही म्हणता येत नाही’ असं म्हणणाऱ्याला ते फार पटकन म्हणता येऊ लागतं. आणि चूलबंद आवतण ज्याला खरंच द्यायचं आहे तो खुशाल देतो, स्वतःच्या खिशातून. ‘निम्मा-निम्मा खर्च’ हल्ली पुष्कळ घरांत म्हणतात, तेही पुरेसं नाही. तुमची साडेचारशे, आमची दीडशे आणि खर्च निम्मा-निम्मा, ही वाटणी फक्त ऐकायला बरोबरीची आहे.

बैठकीला नवरानवरीनं बसायला हवं, हे वेगळं सांगावं लागतं याचीच लाज वाटते. भाचीच्या बैठकीत ती चहा घेऊन आली आणि आत गेली. वय सव्वीस, नोकरी पुण्यात, पगार तिच्या बापापेक्षा जास्त.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मी ताजा फुलस्केप कागद रकाने आखूनच नेला. बाब, कोणाकडे, किती, अंदाजे रक्कम. आता मी मुलाकडची होते, आणि कबूल करते, त्या बाजूच्या खुर्चीत बसलं की काहीही न मागता सगळं मिळण्याची चव लगेच लागते. ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढं म्हणून गप्प बसलं की पुरतं. मी गप्प बसले नाही याचं श्रेय त्या वेगळ्या रंगाच्या जिलबीला. पण विरोध झाला तो मुलीच्या वडिलांकडून. ‘अहो विहीणबाई, असं रकमेसकट लिहिलं तर आमचे लोक काय म्हणतील? आमची ऐपत नाही म्हणतील.’ अर्धा तास गेला. शेवटी सूनबाई, म्हणजे तेव्हा व्हायची होती ती, खुर्ची ओढून बसली आणि पेन तिनंच घेतलं. ‘बाबा, तुमची माणसं किती?’ असं तिनं स्वतःच्या बापाला विचारलं. मग माझ्याकडे वळून, ‘आणि तुमची?’ मी दोनशे म्हटलं. तिनं ‘दोनशे’ लिहून पुढे माझ्या मुलाचं नाव घातलं आणि त्याला सही करायला लावली. मानपानाच्या ओळीवर ती थांबली. फेटे अकरा, साड्या नऊ, टॉवेल-टोपी नाही. ‘यथाशक्ती’ हा शब्द तिच्या कागदावर कुठेच नव्हता. आमची माणसं शेवटी दोनशे बारा आली. बारा ताटांचे पैसे मुलानं केटररला वेगळे दिले, कुरकुरत.

१९८५च्या नियमांतली यादीही केली. वरात आल्यावर नव्हे, कोणाच्या अंगात त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी, सत्यनारायण झाल्यावर, दोघं जमिनीवर फतकल मारून बसली, तो खोकी उघडतोय, ती लिहितेय. किमतीवरून दोनदा वाद झाला. सोनं पावत्यांसकट तिच्या नावासमोर गेलं, ती यादी तिच्याच लॉकरमध्ये आहे. एक झेरॉक्स माझ्या वहीत खोचलेली आहे, मध्यंतरी वाचली. ‘मिक्सर – ३’ असं आहे, आणि देणाऱ्यांच्या रकान्यात ‘मोठे मामा, धाकटे मामा, अक्षर लागत नाही’.